वेगळ्या काढलेल्या माद्या

माझ्या हातांची मला किळस येते. साबणाने कितीही धुतले तरी येते.

कल्याणच्या एका प्रयोगशाळेत मी उंदीर सांभाळतो. तिथे गाभण उंदरीला फिट्सवरचं एक औषध टोचतात. पोटातल्या पिल्लांची जनुकं तीच राहतात, पण कुठलं जागं ठेवायचं आणि कुठलं झोपवायचं हे ठरवणाऱ्या खुणा बदलतात. मग काही पिल्लं ऑटिझम असल्यासारखी वागतात. सोबत्यांकडे फिरकत नाहीत, भुशावर ठेवलेले काचेचे मणी पुरत बसतात. किती पुरले ते मी मोजायचं.

मोजायचे फक्त नरांनी पुरलेले. माद्यांत नीट दिसत नाही, म्हणून त्या नकोत, असं साहेबांचं म्हणणं. पिल्लाची शेपटी उचलून बघायचं, मादी असली की पेटीत टाकायची. पेटीत गॅस सोडायचा. मीच सोडायचो, आणि हात धुऊन चपातीभाजी खायचो.

घर मुरबाडजवळ. माझी पाच वर्षांची मुलगी रोज अंगणात भाताच्या तुसात चिंचोके पुरायची, एका ओळीत. हाकेला वळायची नाही. बायको म्हणायची, शाळेत घालायच्या आधी दाखवून आणू. मी म्हणायचो, मुलगी आहे, लाजाळू असणारच. माझी आई बायकोलाच बोल लावायची, "पोटुशी असताना ग्रहणात इळीवर बसलीस गो, दुसरं काय." विळीने असलं काही होत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी खाली मान घालून भात कालवत राहायचो. शी, काय माणूस मी.

साहेब गेले, त्यांच्या जागी एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, यंदा माद्याही ठेवा, त्यांच्यात असतं पण वेगळ्या रीतीने दिसतं. पहिलीच मादी सोबतिणीजवळ जाऊन गुमान बसली. कुणालाही वाटावं, हिला काही झालेलं नाही. नंतर मण्यांपाशी सोडली, तर विसातले एकोणीस पुरले. मी वहीत एकोणीस लिहिलं आणि बाहेर जाऊन पुन्हा हात धुतले.

घरी आलो तेव्हा मुलगी तुसापाशीच बसली होती. बायकोला म्हटलं, "उद्या हिला डॉक्टरकडे नेऊ."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "दोन वर्सं सांगते, तवा आयकलं नाय," ती म्हणाली. "उंदरांचं मोजून झालं आसंल तर आता हिचं मोजा."