माणूस ओळखणारं यंत्र

गिरणी संपात नोकरी गेलेले ते म्हातारे गृहस्थ मला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर रोज दिसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. मागांच्या खडखडाटात त्यांचे कान गेले होते, म्हणून ते समोरच्याच्या ओठांकडे रोखून बघत. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, तरी तो हात हवेत न दिसणारं सूत चाचपत असायचा. मला त्याची भीती वाटे.

एकदा त्यांनीच विचारलं, "काय करता ओ तुम्ही? का माझ्यासारखेच रिकामे?"

"यंत्राला माणूस ओळखायला शिकवतो."

"बरंय. आमचा माग सूत तुटलं की आपोआप थांबायचा. माझी बोटं त्यात सापडली तेव्हा नाय थांबला. त्याला माणूस कळतच नव्हता. तुमच्या यंत्राला कळतो, म्हणजे ते थांबत असेल."

मी "हो" म्हणालो. ते समाधानानं हसले.

आज खरं सांगतो. ते यंत्र म्हणजे लढाईतलं ड्रोन. माणूस ओळखला की ते बॉम्ब सोडतं. आधी त्याला एका अधिकाऱ्याची परवानगी लागायची. त्यात चार सेकंद जायचे, म्हणून ती अट मीच काढून टाकली.