वनिताचं मशीन हळू नव्हतं

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशीही नाही. आज तुम्हाला का सांगतेय, ते माझं मलाच नीट कळत नाही.

डहाणूला स्टेशनजवळ एका दुकानाच्या माळ्यावर आमचा कॉम्प्युटर क्लास होता. खारा वारा आत यायचा, कॅबिनेटचे स्क्रू गंजायचे. मी नरपडची. वनिता तलासरीकडची, झरीची. सकाळची पहिली एसटी धरून यायची. तिची नाचणीची भाकरी, माझी बोंबलाची चटणी — आणि हसणं तर विचारूच नका! तसं हसणं मला पुन्हा कुणाबरोबर जमलं नाही.

कोर्स संपत आला तेव्हा सर म्हणाले, "जुन्या पार्टमधून दोघी एकेक मशीन जोडा. जिचं फास्ट चालेल, ती इथे शिकवायला राहील." सरांची एक छोटी स्क्रिप्ट होती — ती प्रोसेसरला मूळ संख्या शोधायला लावायची आणि किती सेकंद लागले ते शेवटी पडद्यावर दाखवायची. सेकंद कमी, तर मशीन वेगवान.

आदल्या संध्याकाळी आम्ही गुपचूप चालवून पाहिलं. वनिताचं मशीन सरळ पुढे होतं. मला आनंद झाला, असं मी तिला म्हणाले. झाला होता का? थोडा... खरंच थोडा.

दुसऱ्या दिवशी सर यायच्या आधी ती तोंड धुवायला खाली गेली. आणि मी — कसं सांगू? — तिच्या मशीनवर तीच स्क्रिप्ट सुरू केली, थांबणारच नाही अशी, आणि ती विंडो लपवून ठेवली. सरांनी मोजलं तेव्हा तिचा प्रोसेसर आधीच माझ्या कामाला जुंपलेला होता. तिचे सेकंद कालच्या दुपटीवर गेले, माझ्याहून कितीतरी जास्त.

"काल तर बरोबर चालत होतं," ती म्हणाली. मग माझ्याकडे पाहिलं. वाटलं, कळलं हिला. पण ती म्हणाली, "माझ्याच हातून काहीतरी लूज राहिलं गं."

सरांनी मशीन बंद केलं. माझी करणीही त्यासोबत पुसली गेली. वनिताने तिथेच कॅबिनेट उघडलं आणि एकेक वायर तपासत बसली. मी तिला स्क्रूड्रायव्हर देत होते. तेव्हा तरी बोलता आलं असतं, नाही?

मी त्या क्लासात कित्येक वर्षं शिकवलं. ती झरीला परतली. लग्न झालं, भातशेतीत रमली. रमली असं मीच म्हणते.

मागच्या महिन्यात तलासरीच्या बाजारात भेटली. तशीच गळ्यात पडली. मग पिशवीतून नवा फोन काढून माझ्या हातात दिला. "जरा चालू करून दे ना. मला मशीनमधलं काही जमत नाही, तुला तर माहीतच आहे."

मी फोन चालू करून दिला. ती "थँक्यू" म्हणाली.

मी ते घेतलं.