आकाशी शर्टवाला

माझी लेक दुपारी कोरियन मालिका लावते आणि माझी आई, वय ऐंशीच्या घरात, चष्मा पुसून पुढ्यात बसते. भाषा ओ की ठो कळत नाही. पण ज्याला पोलीसही हात लावत नाहीत अशा नालायकाला तो गोरागोमटा हिरो गल्लीत गाठून बुकलायला लागला, की आईचे डोळे चमकतात. "हान त्याला," म्हणते. मला मात्र दरवेळी ठाण्याचा खोपटचा एसटी डेपो आठवतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कल्याणजवळच्या आमच्या कोळीवाड्यातून मी एसटीने ठाण्याला कॉलेजला जायचे. आमच्या आळीतली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी मीच. बाबांची अट एकच होती: काही वेडंवाकडं कानावर आलं, की कॉलेज बंद. आई पहाटेच निघून ठाण्याच्या बाजारात मासळी विकायची. परतताना आम्ही दोघी एकाच गाडीने यायचो. तिच्या रिकाम्या पाटीच्या वासाने कंडक्टर नाक मुरडायचा आणि आई त्याच्या डब्यात राखून ठेवलेली मूठभर मांदेली टाकून त्याचं तोंड बंद करायची. खिडकीतून खाडीचा वारा, मांडीवर माझ्या वह्या. आजही ती गाडी मिळाली तर मी सगळी कामं टाकून बसेन.

सकाळच्या गाडीत मात्र एकाने छळ मांडलेला. गर्दीत मागून अंगाला हात लावायचा, तंबाखूचा वास यायचा. वळून बघायची हिंमत मला व्हायची नाही. एकदा फक्त कुठल्याशा कंपनीच्या युनिफॉर्मचा आकाशी शर्ट आणि हातातला डबा दिसला. बाबांना सांगणं शक्यच नव्हतं, म्हणून आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "उद्या खोपटला उतरलीस की दाखव."

दुसऱ्या दिवशी डेपोत आई आणि तिच्या चार मैत्रिणी पाट्या घेऊन उभ्या. गाडीतून आकाशी शर्ट उतरला, हातात डबा. मी बोट दाखवलं. पाचही जणींनी त्याला घेरलं आणि माशाचं घाण पाणी डोक्यावर ओतलं. शिव्या तर अशा, की मी त्या कधी ऐकल्याही नव्हत्या. तो नुसता म्हणत राहिला, "अहो बाई, मी काय केलं?" ड्रायव्हर-कंडक्टरांनी टाळ्या पिटल्या. आईने मला वडापाव घेऊन दिला. असला चविष्ट वडापाव मी परत खाल्ला नाही, खोटं कशाला बोलू.

चौथ्या दिवशी गाडीत तोच हात. तोच तंबाखूचा वास. या वेळी मी वळले. आकाशी शर्टच होता, पण माणूस दुसरा. त्या कंपनीत सगळ्यांनाच तो शर्ट होता, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. रागाने अंगाचा नुसता भडका उडाला. वहीला लावलेली सेफ्टी पिन काढून त्याच्या हातात खुपसली. तो कळवळला, पुढच्याच स्टॉपला उतरला आणि परत दिसला नाही.

पण पहिल्याचं काय? चूक झाली म्हणून सांगावं, तर गोष्ट बाबांपर्यंत जाणार आणि कॉलेज सुटणार. मी तोंड शिवून बसले. लाज वाटायची, खूप वाटायची, पण बोलले नाही.

परवा मालिकेत हिरोने पुन्हा कुणाला तरी धरलं. आई या वेळी "हान" म्हणाली नाही. लेकीला म्हणाली, "यानं आधी इचारलं काय गो त्याला? तोच हाय म्हणून?"

लेक आत गेल्यावर मी विचारलं, "आये, तुला माहीत होतं?"

"आठवड्याभरात बाजारात आलेला तो. बाई, आदल्या दिवसापर्यंत मी दुसऱ्या पाळीला होतो, सकाळच्या गाडीत नव्हतोच म्हणाला. मी पाय धरले त्याचे. पण डेपोत, चारचौघांत चूक आमची म्हणून नाय सांगू शकले." ती टीव्हीकडेच बघत होती. "तुझं कॉलेज सुटलं असतं."

मी बीए झाले, पुढे नोकरी लागली. कॉलेजची तिन्ही वर्षं तो पहिला माणूस मला अधूनमधून गाडीत दिसायचा. खोपटच्या एक स्टॉप आधी उतरायचा आणि डबा घेऊन चालत जायचा.