हात लावल्याशिवाय

पासली गावात गुरांचं दुखणं ओळखणारे एक आजोबा आहेत. गाईच्या कानाला हात लावून बघितल्याशिवाय ते एक शब्द बोलत नाहीत.

परवा त्यांच्या ओट्यावर बसलो असताना माझ्या मोबाईलवर लाल पाटी आली: 'फोनमध्ये तेरा व्हायरस! लगेच दाबा.' मी दाबणारच होतो. आजोबांनी फोन काढून घेतला.

"ह्या पाटीवाल्यानं फोनला हात तरी लावलाय का? मग रोग कसा कळला?"

पाटी बंद करून ते सेटिंगमध्ये शिरले. "ह्या वेबसाईटला सूचना धाडायची परवानगी तुमीच दिलीया." ती त्यांनी काढून टाकली.

"हे कुठं शिकलात?"

"म्याबी एकदा दाबलं हुतं."

"आता फोन बरा आहे ना?"

त्यांनी माझं मनगट धरलं. "त्याला काय झालंच न्हवतं. धडधड तुमची वाढलीया."