तेरावा आरा

"काचेचा अपवर्तनांक जरा खाली ओढ. आकडे जुळतील," सर म्हणाले.

"ओढायला ती काय बैलगाडी आहे, सर?"

"शुक्रवारी पेपर गेला नाही, तर तुझी फेलोशिप जाईल."

चौऱ्याहत्तर साली मी सांगलीच्या एका कॉलेजात संशोधन करत होतो. विषय होता प्रकाशाचं कडं. काचेची बारीक वाट गोल वळवून टोकं जोडायची आणि आत प्रकाश फिरवायचा. फेरी संपवून आलेली लाट आपल्याच पावलावर पाऊल टाकत असेल, तर प्रकाश वाढत जातो. अशा नेमक्या बसणाऱ्या लाटांना मोड म्हणतात.

कडं आमच्याकडे नव्हतंच. फक्त गणित होतं. गणिताची भोकं पाडलेली पंच कार्डं एसटीनं पुण्याला जायची, आठ दिवसांनी कॉम्प्युटरचा प्रिंटआउट यायचा. ते आठ दिवस मी कृष्णेच्या घाटावर घालवायचो. डोळे मिटले की एक सोनेरी लाट फिरत राहायची. न दमता, न बोलता. नदीही मग मला गोल वाहताना दिसायची.

पण प्रिंटआउटमधली प्रत्येक लाट सरांनी हातानं गणित करून काढलेल्या लाटेपेक्षा किंचित लांब निघाली. खोट्या काचेवर मी सही करणार नव्हतो. 'विज्ञानातील लबाडी' असं पत्रक लिहिलं, राजीनामा सरांच्या टेबलावर ठेवला आणि साताऱ्याकडे गावी गेलो.

वडील सुतार. अंगणात बैलगाडीच्या चाकात आरे भरत होते.

"सोडलंस कशापायी?"

मी खडू घेतला. "आबा, कड्यावर सारख्या अंतरानं खुणा करायच्या, अन् प्रत्येक खुणेवर लाट किती उंच ते काढायचं. हे असं." एकेका आऱ्यावर खडू टेकवत मी फेरी पुरी केली. "...अकरा, बारा, तेरा."

आबांनी पटाशी खाली ठेवली. "आरं बाराच हायती की रं. तेरावा कुठनं आणलास?"

"निघालो तिथं परत आलो नव्हं."

"त्यो मगाशीच मोजलास. कुंपणाला शेवटचा खांब असतोय, गड्या. चाकाला शेवट न्हाई."

माझ्या कार्डांत बहात्तर खुणांच्या कड्याला त्र्याहत्तर खुणा होत्या. कडंच एका घरानं लांब, म्हणून लाटाही लांब. काच निर्दोष होती.

सांगलीला परतून सरांना सगळं सांगितलं. त्यांनी वरती लिहून पंधरा दिवस मागून घेतले. एक कार्ड बदललं, लाटा जुळल्या, पेपर गेला. राजीनामा त्यांनी मला परत दिला. "मागची बाजू कोरी आहे. कच्च्या आकडेमोडीला वापर."

आकडा ओढायचा नाही, हे माझं मत आजही तेच आहे. फक्त पत्रक लिहिण्याआधी आता मी पुन्हा एकदा मोजतो.