गाळणी आणि मावशींच्या गोळ्या

लोणावळ्याच्या मिशन बंगल्यात मी दुभाष्याचं आणि टायपिंगचं काम करायचे. शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. शिवाय दुभाष्याला स्वतःचं काही बोलावं लागत नाही, म्हणून ते काम मला मानवलं होतं.

त्या वर्षी ख्रिस्ती समुपदेशन शिकवायला मद्रासकडचे एक पाळक आले. मराठीचा गंध नाही. पहिल्याच न्याहारीला त्यांनी चहाची गाळणी उचलून दाखवली. मानसशास्त्र, संशोधन, जगाचं सगळं ज्ञान पवित्र शास्त्रातून असं गाळून घ्यायचं, म्हणाले. सगळ्यांनी वहीत गाळणी काढली. मीही काढली.

चार दिवसांत त्या गाळणीची भोकं मला पाठ झाली. सभेत लोकांना जागं कसं ठेवावं, हे संशोधन अलगद खाली उतरायचं. अडकायचं ते मनाच्या आजाराचं. एखादं मत आवडलं की पाळक ते आधी लिहून घेत आणि मग त्याला शोभणारं वचन मला शोधायला लावत.

बंगल्यात स्वयंपाक करणाऱ्या मावशी तळेगावजवळच्या इंदुरी गावच्या, बाप्तिस्मा घेतलेल्या. नवरा गेल्यापासून त्यांची झोप उडाली होती. भाकरी तव्यावर टाकून विसरायच्या. तळेगावच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी कुठे जरा सावरल्या होत्या. पाळकांना वर्गापुढे दाखवायला कुणीतरी हवंच होतं. त्यांनी मावशींना बोलावून सांगितलं, गोळ्या म्हणजे विश्वासातली खोट, आजपासून बंद. मी खाली बघत ते मराठीत सांगितलं.

मावशींनी पदराला हात पुसले. “साहेबास्नी इचार पोरी, सकाळी च्यासंगं गोळी घेत्यात ती कंच्या वचनातली?”

असलं काही मी नेहमी मऊ करून सांगायचे. त्या दिवशी केलं नाही.

ती रक्तदाबाची, पाळक म्हणाले, तो शरीराचा आजार. मी मावशींना सांगितलं.

“आन् झोप काय अंगाच्या भाईर लागती व्हय?”

मी तेही सांगितलं. मागच्या बाकावर कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. पाळकांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटले.

मावशींनी गोळ्या सोडल्या नाहीत. महिनाअखेरीस पाळकांचा अहवाल टायपिंगला आला. त्यात एक विधवा केवळ वचनाने बरी झाली होती. मी तो तसाच टाइप केला, एकही चूक न करता. माझी हिंमत तेवढीच. मग स्वयंपाकघरात जाऊन मावशींना वाचून दाखवला.

“डाक्टरचं नाव न्हाई त्यात?”

“नाही.”

“मंग मीच सांगते डाक्टरास्नी, बरी हाय म्हून. गोळ्या आनायला जायाचंच हाय.”