खिळे भरले, तरी एक मूल उरलं

फळीवरचे सगळे खिळे भरलेले होते आणि तरीही चर्चच्या ओसरीवर एक मुलगी बसून होती.

मला काही कळेना. मुलाची फीत परत येऊन खिळा भरला म्हणजे मूल घरी गेलं, असा आमचा सरळ हिशेब होता. मग ही कोण? चारेक वर्षांची असेल. केस तेलानं चापून बसवलेले, अंगात दुसऱ्या कुणाच्या मापाचा घोळदार फ्रॉक. सरबताचा रिकामा पेला दोन्ही हातांत धरून ती तळाचा थेंब शोधत होती.

"प्रमोद, ही कुणाची?" मी विचारलं.

"आपलीच असेल, बाई. गुलाबी फीत होती तिला. मी स्वतः काढून घेतली."

"नाव काय हिचं?"

"ते... माझा आज पहिलाच दिवस आहे, बाई."

थोडं मागं जाऊन सांगते. ही गोष्ट परतूरची, नव्वदच्या दशकातली. मी आमच्या चर्चमध्ये मुलांच्या कामासाठी नेमलेली होते. वर्षभर संडेस्कूल आणि मे महिन्यात व्ही.बी.एस. म्हणजे उन्हाळी सुट्टीतली बायबल शाळा. सकाळच्या वेळात गाणी, गोष्टी, वचनांचं पाठांतर, कागदकाम, मधल्या सुट्टीत सरबत-बिस्किट आणि शेवटच्या रविवारी सगळ्या मंडळीसमोर मुलांचा कार्यक्रम. मी तिची डायरेक्टर. डायरेक्टरनं साखर आणायची, पाळकसाहेबांशी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंशी, भांडायचं आणि नाटकातल्या सिंहांच्या शेपट्याही शिवायच्या.

चर्चच्या घरांतली मुलं तर यायचीच, पण गल्लीतली बाकीचीही यायची. सुट्टीत परतुरात मुलांना दुसरं होतं काय? आम्ही नाव विचारून सगळ्यांना बसवून घ्यायचो. पण आदल्या वर्षी एक भानगड झाली होती. सरबताच्या वेळेला अख्खी गल्ली आत लोटायची आणि सकाळपासून गाणी म्हणून घसा सुकलेल्या पोरांच्या वाट्याला रिकामं पातेलं यायचं. म्हणून मी फिती काढल्या. छोट्यांना गुलाबी, मधल्यांना पिवळी, मोठ्यांना हिरवी. सकाळी आल्यावर फळीवरच्या खिळ्याची फीत छातीला लावायची, सुटताना परत द्यायची. फीत नसेल त्याला सरबत नाही, त्यानं मुकाट्यानं गेटबाहेर जायचं.

पाळकसाहेबांना हे रुचलं नव्हतं. "बाई, प्रभूनं पाच भाकरींत पाच हजारांना जेवू घातलं. फिती न्हाई लावल्या कुणाला," ते म्हणाले.

"त्याला भाकरी वाढवता येत होत्या, साहेब. मला सरबतात फक्त पाणी वाढवता येतं."

ते हसले आणि माझा नियम लागू झाला.

दुसरा नियम घरातला होता. माझी मुलगी स्नेहल तेव्हा सहा वर्षांची, गुलाबी फितीत. आदल्या वर्षी ती नाटकात देवदूत झाली, तर मंडळीतल्या दोन बायका मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या, "डायरेक्टरची लेक म्हणल्यावर देवदूतच होनार की." माझ्या ते फार जिव्हारी लागलं. यंदा पहिल्याच दिवशी मी स्नेहलला समोर बसवून सांगितलं, "चर्चच्या गेटापासून मी मम्मी नाही, बाई. कुणी विचारलं, तू कुणाची, तर माझं नाव सांगायचं नाही. सगळ्यांसारखं राहायचं." तिनं मान हलवली. आमची स्नेहल मान हलवते तेव्हा ती गोष्ट पाळते. हा गुण तिच्यात कुणाकडून आला माहीत नाही, बापाकडून तर नक्कीच नाही.

त्या दिवशी सगळंच एकदम जुळून आलं. धाकट्याला दात येत होते आणि अंगात ताप होता. तो घरी सासूबाईंजवळ. छोट्यांच्या वर्गाच्या टीचर चुलतबहिणीच्या लग्नाला अंबडला गेलेल्या, म्हणून त्यांच्या जागी जालन्याहून प्रमोद आला होता. मुलगा उत्साही, गिटार वाजवणारा, पण परतूरचं एक पोर त्याच्या ओळखीचं नाही. मी स्वतः मोठ्यांना घेऊन चर्चच्या आत नाटक बसवत होते. बायबलमधला दानिएल सिंहांच्या गुहेत, आणि सिंह एकमेकांच्या शेपट्या ओढतायत. मला उशीर होणार हे दिसतच होतं. आमचे हे एका खासगी दवाखान्यात कंपाउंडर होते. त्यांना मी सकाळीच सांगून ठेवलं होतं, "दुपारी जेवायला जाताना स्नेहलला घेऊन जा."

शाळा सुटल्यावर मी बाहेर आले तेव्हा स्नेहल दिसली नाही. चला, घेऊन गेले वाटतं, असं म्हणून मी निश्चिंत झाले. आणि समोर ही ओसरीवरची मुलगी.

मी तिच्याजवळ खाली बसले. "नाव काय गं तुझं?"

ती गोड हसली.

"कुणासोबत आलीस?"

"आक्का."

"कुठाय आक्का?"

तिनं गेटाकडे बोट दाखवलं. गेटाशी कुणी नव्हतं. मी मोठ्या वर्गातल्या मुलींना विचारलं, पण हिची आक्का व्हायला कुणी तयार नव्हतं. प्रमोदनं फळीवरच्या फिती पुन्हा मोजल्या. एकही कमी नव्हती, एकही जास्त नव्हती.

"हिशेब तर बराबर आहे, बाई," तो म्हणाला.

"हिशेब बराबर आहे, मग हे पोर काय आभाळातून पडलं?"

तो गोंधळला. मी तर त्याच्याही वर गोंधळले होते. आता ती गोष्ट सोपी वाटते. पण त्या उन्हात, डोक्यात सिंहांचा गोंगाट आणि घरी तापलेलं पोर असताना माझं डोकं चालेना.

पाळकसाहेब बाहेर आले. त्यांना वेगळीच काळजी लागली. "बाई, लेकराची माय हुडकत फिरत आसंल. आन चर्चानं पोरगी ठिवून घेतली आसं कुनी म्हनलं, तर उद्यापासून एक पोर येनार न्हाई इथं. जल्दी तिचं घर हुडका."

मी मुलीचं बोट धरलं, प्रमोदला सोबत घेतलं आणि निघाले. पिठाच्या गिरणीत विचारलं. शिंप्याकडे विचारलं. वाड्यावाड्यांत हाका मारल्या. सगळीकडे एकच उत्तर. "आमची न्हाई." एक म्हातारी तर मलाच म्हणाली, "तुमच्याच शाळंची हाय की वो. मघा गेटातून बघितलं म्या, फीत लावल्ती तिनं." मी पोरीचा हात धरून डावीकडे ओढायचे तेव्हा ती उजवीकडे ओढायची. मी आपली तिला दटावून पुढच्या दारात उभी करत होते.

मग प्रमोदला म्हटलं, तू चर्चमध्ये जाऊन थांब, कुणी शोधत आलं तर माझ्या घरी पाठव. मला आधी घरी जाणं भाग होतं. धाकट्याची दूध प्यायची वेळ कधीच टळली होती.

दारात सासूबाई उभ्या, कडेवर रडून लाल झालेला धाकटा. त्यांनी पोरीकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं.

"ही कोन आनलीस? आन स्नेहल कुठाय?"

"स्नेहल? यांच्यासोबत आली ना?"

"त्यो तर एकलाच आल्ता. चर्चाचं गेट रिकामं व्हतं म्हनला, रोजच्यावानी तुझ्यासंग थांबली आसंल. जेवला आन गेला बी."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो अजिबात सुखाचा नव्हता. फिती सगळ्या परत आल्या होत्या. मूल मात्र एक जास्तीचं होतं. याचा अर्थ एक मूल कमीही असलं पाहिजे. दुपारभर मी जास्तीचं मूल कुणाचं हे विचारत फिरले, कमीचं कुणाचं हा प्रश्न मला पडलाच नाही. कमी होती ती माझी.

मी उंबऱ्यातच बसले. देवाचं काम करणाऱ्या बाईनं अशा वेळी प्रार्थना करायला पाहिजे, पण मला तेव्हा एकही शब्द सुचला नाही. परतुरातले सगळे रस्ते, विहिरी आणि रेल्वेचे रूळ एकाच वेळी डोळ्यांपुढे आले.

तेवढ्यात ती पोरगी घरात शिरली. भिंतीवर नाताळात स्टुडिओत काढलेला स्नेहलचा फोटो होता. त्याच्याकडे बोट दाखवून ती खुशीत म्हणाली, "आक्का!"

"हीच आक्का? हिनंच आणलं तुला?" मी तिचे खांदे धरून विचारलं. "आता कुठाय ती? सांग की बाळा!"

पोरगी घाबरली आणि तिनं ओठ काढले. सासूबाई कडाडल्या, "आगं, लेकराला कशाला गदागदा हालवून राह्यलीस! बोलाया येत न्हाई तिला धड, पाय तर हायेत ना? तिच्या मायकडं जायाचं म्हन आन सोड तिला पुढं. स्नेहल तिला जिथनं आनली, तिथंच आसंल."

मी तिचं बोट सोडलं. ती पुढं, मी मागं, माझ्यामागं धाकट्याला घेऊन सासूबाई. ती एकदाही थांबली नाही. चर्चच्या मागची बोळ, रस्ता, आणि सरळ मोंढ्यात. मोंढा म्हणजे धान्याचा बाजार. पत्र्याच्या शेडमध्ये बायका ज्वारी चाळत होत्या. पोरगी धावत जाऊन त्यातल्या एकीच्या पाठीवर पडली.

आणि तिच्या शेजारी, पोत्याच्या घडीवर, हातात भाकरीचा तुकडा घेऊन माझी स्नेहल बसली होती. तिच्या छातीवर फीत नव्हती.

मी काही बोलायच्या आत ती बाईच बोलली. तिचं नाव कासाबाई, हे मागाहून कळलं. "तुमची हाय का ही? बरं झालं आलात. कवाधरनं इचारून राह्यले, तुझी माय कोन, घर कुठं, तर बिलकुल सांगत न्हाई. म्हनती, सांगायचं न्हाई, बाईनं सांगितलंय. येवढ्या उन्हात एकलीला कशी सोडू? म्हनलं, माल चाळून झाला की चर्चात नेते, माझी बी आनते."

"तुम्हाला काळजी नाही वाटली तुमच्या पोरीची?"

"कशाची? हिनंच येऊन सांगितलं की, तुमची मनी आमच्या शाळंत सरबत पिऊन राह्यली म्हनून." कासाबाईनं मनीचं नाक पदरानं पुसलं. "माझी तुमच्यापाशी, तुमची माझ्यापाशी. मंग घोर कशाचा?"

माझा घोर मात्र अजून उतरला नव्हता. मी स्नेहलला विचारलं, "तू गेटबाहेर आलीसच कशी?"

सगळा उलगडा तिनं चार वाक्यांत केला. मनी सकाळपासून गेटाच्या गजांतून बघत होती. मधल्या सुट्टीत स्नेहलनं बाहेर जाऊन तिचं घर विचारलं, मोंढ्यात तिची आई कोणती ते तिच्याकडून दुरूनच बघून घेतलं, आणि आपली फीत तिला लावून आत आणलं. मग सरबताच्या रांगेत नव्या सरांनी विचारलं, फीत कुठंय? फीत नव्हती. "नियम म्हणजे नियम" म्हणून सरांनी तिला बाहेर काढलं. एक शब्द बोलली असती, मी डायरेक्टरबाईंची मुलगी, तर प्रमोदनं तिला दोन पेले सरबत दिलं असतं. ती बोलली नाही. मनीच्या आईला कळवायला मात्र न विसरता गेली.

"नाव का नाही सांगितलंस माझं? आम्ही किती घाबरलो, कळतंय का तुला?" माझा आवाज चढला.

स्नेहलनं भाकरी खाली ठेवली. आजूबाजूच्या बायकांकडे एकदा बघितलं आणि हळूच विचारलं, "बाई, शाळा सुटली का? आता मम्मी म्हणू?"

मी त्या ज्वारीच्या ढिगाशेजारी बसून ढसाढसा रडले. सासूबाईही डोळे पुसत होत्या. कासाबाईला काही कळेना. ती बिचारी सारखी म्हणत होती, "आवो, घावली की लेक, मंग आता कशापायी रडून राह्यलात?"

संध्याकाळी आमच्या ह्यांना मी जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यांनीही उत्तर दिलं की चर्चमध्ये तर तू होतीस, तुलाही ती नाही हे दिसलं नाही, आणि ते खरंच होतं. प्रमोदला मात्र मी काही बोलले नाही. त्यानं माझा नियम माझ्यापेक्षा चोख पाळला होता.

दुसऱ्या दिवशी मनी सकाळीच हजर झाली. तिच्यासाठी फळीवर नवा खिळा ठोकला. कासाबाईही रोज मोंढ्याकडे जाताना गेटातून डोकावून जायला लागली. सरबत गेटाबाहेरच्यांनाही मिळू लागलं. पातेलं तेवढंच होतं, म्हणून पाणी वाढलं. पाळकसाहेबांनी पहिला घोट घेतला, पेल्याकडे बघितलं आणि शहाणपणानं गप्प बसले.

त्यानंतर बरीच वर्षं मी व्ही.बी.एस. चालवली. फिती ठेवल्या, कारण मुलांना त्या आवडायच्या. पण सुटायच्या वेळी मी खिळे बघायचं सोडून दिलं. गेटात उभी राहून एकेका मुलाचं तोंड बघायचे. मोजणी बरोबर आली म्हणजे मुलं बरोबर आली, असं नसतं. स्नेहल सगळ्यांत शेवटी यायची. फीत काढून माझ्या हातात द्यायची, गेटाबाहेर एक पाऊल टाकायची आणि मगच म्हणायची, "मम्मी, चल."